जलवायुमान बदल व मावळ प्रदेश

एखाद्या ठिकाणच्या हवेचे तापमान, पर्जन्य, आर्द्रता, वारे इत्यादींची दीर्घ काळातील, सामान्यतः तीस वर्षांतील, सरासरी स्थिती व तिच्यातील नेहमीचे चढउतार यांस त्या ठिकाणचे जलवायुमान म्हणतात. एखाद्या वर्षी मृग कोरडा गेला किंवा एखादा उन्हाळा कडक झाला, तर तो जलवायुमानातील बदल नव्हे. ही सरासरी किंवा चढउतारांची व्याप्तीच दशकानुदशके सरकत गेली, म्हणजे जलवायुमान बदलले असे म्हणता येते. व्यवहारात यासाठी ‘हवामान बदल’ ही संज्ञा रूढ झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरासरीशी तुलना करता २०११–२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सु. १.१° से. ने अधिक होते. २०२४ या एका वर्षी ही वाढ सु. १.५५° से. पर्यंत पोहोचली.

या विषयाचे विवेचन सहसा ध्रुवांवरील बर्फ व महासागरांची पातळी यांपासून सुरू केले जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्याच्या पूर्वेस लागून असलेला पिंपरी-चिंचवड-चाकण हा औद्योगिक पट्टा यांचा आधार घेतला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यास वर्षाला सु. ४,००० मिमी. पाऊस पडतो, तेथून लोहमार्गाने ६४ किमी. वर असलेल्या पुण्यास जेमतेम ७०० मिमी. पडतो. या तीव्र उताराच्या मधोमध तळेगाव दाभाडे वसले आहे. त्याच्या पश्चिमेस भातखाचरे, धरणे व डोंगरउतारांवरील वाड्या आहेत, तर पूर्वेस मोटारगाड्यांचे कारखाने व ओतशाळा. जलवायुमान बदलाची कारणे व त्याचे परिणाम एका दिवसाच्या पायी मजलेत पाहावयास मिळावेत, अशी स्थळे फार नाहीत.

पादपगृह परिणाम : सूर्याकडून येणारे प्रारण मुख्यतः दृश्य प्रकाशाच्या रूपात असते आणि त्याचा बराचसा भाग वातावरणातून आरपार जाऊन जमीन व समुद्र यांना तापवितो. तापलेला पृष्ठभाग ही उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपात परत फेकतो. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन हे या प्रारणास अडवीत नाहीत. परंतु बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे वायू ते शोषून घेतात व सर्व दिशांना पुन्हा उत्सर्जित करतात. त्यांपैकी काही भाग पृष्ठभागाकडे परत येतो. हे आच्छादन नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सु. १५° से. न राहता सु. –१८° से. इतके खाली गेले असते. म्हणजे परिणाम मुळात जीवसृष्टीस उपकारक आहे. प्रश्न त्याच्या वाढीचा आहे.

या आविष्कारास ‘पादपगृह परिणाम’ हे नाव काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पादपगृहावरून पडले. तळेगाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पसंवर्धन उद्यान असून तेथे व आसपासच्या गावांत गुलाबाची शेकडो पादपगृहे (व्यवहारातील ‘पॉलिहाउस’) आहेत. या नावाचा उगम तेथे डोळ्यांनी पाहता येतो. तथापि उपमा म्हणून ते अपुरे आहे. पादपगृहातील हवा तापते, ती मुख्यतः वर चढणाऱ्या गरम हवेस बाहेर जाण्यास वाट नसते म्हणून. माळ्याने बाजूचे पडदे गुंडाळले की, आतील तापमान लगेच उतरते. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी १९०९ मध्ये साध्या प्रयोगाने ही गोष्ट दाखविली होती. वातावरणाच्या बाबतीत हवेच्या अभिसरणास असा अडथळा नसतो. तेथे अडविले जाते ते प्रारण. गुंडाळून ठेवता येईल असा पडदाही तेथे नाही.

कार्बन डाय-ऑक्साइड उन्हात अधिक तापतो, हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये, तर अवरक्त प्रारणाचे शोषण कोणते वायू करतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखविले. स्वान्टे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे गणित मांडले. औद्योगिकीकरणापूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मापनास प्रारंभ झाला, तेव्हा ते सु. ३१५ होते, २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. भारतात गोव्यातील काबो दि रामा येथे १९९३ पासून आणि पुण्यानजीक सिंहगडावर २००९ पासून हवेचे नमुने घेऊन अशी मापने करण्यात आली. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे वारे व हिवाळ्यात जमिनीवरून येणारे वारे यांमुळे दोन्ही ठिकाणी वर्षभरात या वायूचे प्रमाण वरखाली होते.

कारणे : पृथ्वीच्या कक्षेतील मंद बदल, सूर्याच्या तेजातील फरक व ज्वालामुखींचे उद्रेक या नैसर्गिक कारणांनी जलवायुमान पूर्वीही बदलले आहे, हिमयुगे त्यामुळेच आली व गेली. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापासून सूर्याच्या तेजात वाढ आढळलेली नाही. शिवाय सूर्य कारणीभूत असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते; प्रत्यक्षात स्तरावरण थंड होत आहे. हवेतील वाढता कार्बन जीवाश्म इंधनांतून आला आहे, हेही त्यातील किरणोत्सर्गी कार्बन–१४ च्या घटत्या अंशावरून ओळखता येते. कारण कोट्यवधी वर्षे जमिनीत पडलेल्या कोळशात व खनिज तेलात हा समस्थानिक उरलेला नसतो.

तळेगावात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने व लोकांकडून पै-पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना हा देशी उद्योगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. काच करताना कार्बन डाय-ऑक्साइड दोन वाटांनी बाहेर पडतो : भट्टीसाठी जाळलेल्या इंधनातून आणि सोडा व चुनखडी या कच्च्या मालाचे उच्च तापमानास विघटन होते त्यातून. सिमेंटच्या बाबतीत ही दुसरी वाट पहिलीपेक्षाही मोठी असते. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाल्यावर या पट्ट्याचे औद्योगिकीकरण वेगाने होऊ लागले. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज ऑटो, भोसरीच्या ओतशाळा आणि नंतर चाकण येथील फोक्सवॅगन, महिंद्र इ. कारखाने आले. तळेगावात जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला कारखाना २०२० अखेर बंद पडून पुढे ह्युंदाई कंपनीकडे गेला.

तथापि या पट्ट्याचा मोठा वाटा त्याच्या धुराड्यांतून नव्हे, तर त्याच्या फाटकांतून बाहेर पडतो. मोटारगाडी तयार करताना जेवढा कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जित होतो, त्याच्या कितीतरी पट ती तिच्या आयुष्यात इंधन जाळून उत्सर्जित करते. एक लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून सु. २.३ किग्रॅ., तर एक लिटर डीझेलच्या ज्वलनातून सु. २.७ किग्रॅ. वायू निर्माण होतो. पाऊण किलोच्या इंधनातून सव्वादोन किलो वायू कसा, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. इंधनातील कार्बनाचा प्रत्येक अणू हवेतील ऑक्सिजनाचे दोन अणू पकडतो व वजनाचा मोठा भाग त्या ऑक्सिजनाचा असतो. २०२० मध्ये बजाज ऑटोने ‘चेतक’ ही जुनी ओळखीची स्कूटर विजेवर चालणारी करून बाजारात आणली. अशा वाहनांमुळे रस्त्यावरील धूर निश्चित थांबतो. परंतु महाराष्ट्रातील वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडी अशा कोळशावरील केंद्रांतून येते, तोवर धुराचा काही भाग केवळ विदर्भात स्थलांतरित होतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

भातखाचरातही पादपगृह वायू निर्माण होतात. पाणी साचलेल्या चिखलात ऑक्सिजनाचा अभाव असतो आणि तेथील सूक्ष्मजंतू कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात. हा वायू रोपांच्या पोकळ खोडांतून वर येतो. गाईगुरांच्या पोटातही असाच वायू बनतो, तर नायट्रोजनयुक्त खतांपासून नायट्रस ऑक्साइड सुटतो. मिथेन वजनास वजन कार्बन डाय-ऑक्साइडापेक्षा पुष्कळ प्रभावी आहे, परंतु तो सु. बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो. मावळातील वीस गुंठ्यांचे खाचर व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून एकट्याने केलेला मोटारप्रवास यांचे उत्सर्जन एकाच तागडीत तोलावे काय, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये जगण्यासाठीचे उत्सर्जन व चैनीचे उत्सर्जन असा भेद करावा, असे प्रतिपादन केले व तो युक्तिवाद आजही टिकून आहे. भारतात दरडोई कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन वर्षाला सु. दोन टन, तर अमेरिकेत त्याच्या सहा-सात पट आहे.

जंगलतोडीमुळे झाडांत व मातीत साठलेला कार्बन हवेत जातो. याउलट कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परावर्तित करून पृष्ठभाग थंड ठेवतात. भारतातील तापमानवाढ काही अंशी या कणांनी झाकली आहे. पिंपरी-चिंचवड शहरात काँक्रीट व डांबर यांमुळे रात्रीचे तापमान आसपासच्या खेड्यांपेक्षा अधिक राहते. हा स्थानिक परिणाम असून तो जागतिक तापमानवाढीपासून वेगळा समजावा. मात्र शहरवासीयास दोहोंची बेरीज सोसावी लागते.

मॉन्सूनवरील परिणाम : भारतीय जलवायुमान बदलाचा बराच अभ्यास या परिसरापासून जवळच झाला आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले (त्याच्या इमारतीस जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात) व १९६२ मध्ये येथे उष्ण कटिबंधीय हवामानविज्ञानाची संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या व केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१–२०१८ या काळात सु. ०.७° से. ने वाढले, उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१–२०१५ मध्ये सु. १° से. ने वाढले, आणि त्याच कालखंडात नैर्ऋत्य मॉन्सूनचा एकूण पाऊस सु. ६ टक्क्यांनी घटला. त्याच वेळी मध्य भारतात एका दिवसात १५० मिमी. हून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० नंतर सु. ७५ टक्क्यांनी वाढल्या.

पाऊस घटावा व अतिवृष्टी मात्र वाढावी, यात वरकरणी विसंगती दिसते. हवा १° से. ने तापली, तर तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. समुद्रावर बाष्प अधिक काळ साठत राहते आणि वाऱ्यांनी ते एकदम जमिनीवर आणले, म्हणजे थोड्या तासांत कोसळते. मधल्या काळात उघडीप लांबते. सह्याद्रीच्या कड्यास आपटून वर चढणाऱ्या हवेत ही प्रक्रिया अधिकच तीव्र होऊ शकते. २२ जुलै २०२१ रोजी संपलेल्या चोवीस तासांपाठोपाठच्या मुसळधार पावसाने महाबळेश्वर व कोकणचा घाटपायथा यांची दाणादाण उडाली व रायगड जिल्ह्यातील तळीये येथे दरड कोसळली. तथापि घाटमाथ्यावरील दीर्घकालीन कल मध्य भारताइतका एकसारखा नाही व कोणतीही एक अतिवृष्टी केवळ तापमानवाढीच्या नावे टाकणे शास्त्रशुद्ध नव्हे. [⟶ मॉन्सून वारे].

परिणाम : या बदलाचा पहिला आघात पाणीसाठ्यांच्या व्यवस्थापनावर होतो. पवना धरण १९७० च्या दशकात पुरे झाले. त्याचा उपयुक्त साठा सु. ८.५ अब्ज घनफूट असून पिंपरी-चिंचवड शहर मुख्यतः त्याच्यावरच अवलंबून आहे. धरणाचे नियोजन गतकाळातील पावसाच्या नोंदींवर बेतलेले असते. जुलैमध्ये पूर रोखण्यासाठी धरणात जागा मोकळी ठेवावी, तर पुढे उघडीप लांबून ते भरणारच नाही, ही भीती. आणि ते लवकर भरून घ्यावे, तर एका रात्रीच्या अतिवृष्टीने सगळे पाणी खालच्या वस्तीत सोडावे लागेल, ही दुसरी. २५ जुलै २०२४ रोजी मुठा, पवना व इंद्रायणी यांच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्याच पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला होता. धरणाचे पाणी बंद नळाने थेट शहरास न्यावे, या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदीपात्रातील पाण्यावर त्यांची शेती अवलंबून होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला व योजना स्थगित झाली. २०२३ मध्ये ती स्थगिती उठविण्यात आली. या तंट्याचे मूळ जलवायुमान बदलात नाही. पण पाऊस बेभरवशाचा झाल्यास असेच तंटे अधिक टोकदार होतात.

भाताच्या बाबतीत एकूण पावसापेक्षा त्याची वाटणी महत्त्वाची ठरते. रोपवाटिकेतील रोपे लावणीयोग्य झाली असता चिखलणीपुरते पाणी नसेल, तर रोपे जून होतात व लावणी उशिरा झाल्याने फुटवे कमी येतात. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५° से. च्या वर गेल्यास परागण बिघडून लोंब्या पोचट राहतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला, तर कापणीस आलेले पीक आडवे होते. तळेगावलगतच्या वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला व आज मावळचा तांदूळ म्हणजे इंद्रायणी, असे समीकरण झाले आहे. पिकाचा मोठा भाग एकाच वाणावर अवलंबून असणे हा बदलत्या जलवायुमानात धोका ठरू शकतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या पद्धतीत चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यांवर भात टोकतात. तिच्यात पाणी साचून राहत नसल्याने मिथेन कमी निर्माण होतो व लावणीच्या पावसाची वाट पाहावी लागत नाही. कारण व परिणाम दोहोंवर एकदम उतारा असणारे असे उपाय थोडेच आहेत.

गुलाबाच्या शेतीची गोष्ट याहून वेगळी आहे. तळेगाव परिसराची निवड तिच्यासाठी झाली, ती येथील थंड रात्री व मुंबई विमानतळाचे सान्निध्य यांमुळे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील मागणीसाठी फुले जानेवारीच्या अखेरीपासून काढणीस यावी लागतात व छाटणीचा दिवस त्या हिशोबाने ठरतो. डिसेंबर-जानेवारीत उष्मा झाला, तर कळ्या आठ-दहा दिवस आधीच उमलतात, दांडा आखूड राहतो व माल निर्यातीतून बाद होतो; थंडी लांबली, तर तो उशिरा येतो. ढगाळ, दमट हवेत डाउनी (केवडा) रोग, तर कोरड्या उन्हात लाल कोळी बळावतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन पुणे जिल्ह्यात शिरले, तेव्हा मावळातील अनेक पादपगृहांचे प्लॅस्टिक फाटले व सांगाडे वाकले. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे वादळ येणे ही विरळ घटना होय. मात्र अरबी समुद्र तापत असून अलीकडील दशकांत त्यावरील तीव्र चक्रीवादळांची संख्या वाढल्याचे आढळले आहे.

दरडींचा धोका डोंगरउतारावरील वस्त्यांना असतो. मावळातील भाजे येथे जुलै १९८९ मध्ये व आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली, माळीणमध्ये सु. दीडशे माणसे गाडली गेली. कुजलेला बेसाल्ट व त्यावरील मुरमाड माती पाण्याने तुडुंब भरली की, तिचे वजन वाढते व कणांमधील घर्षण कमी होते. उतार तोडून केलेले सपाटीकरण व रस्ते हे कारण अतिवृष्टीइतकेच महत्त्वाचे असून त्यावर नियंत्रण ठेवणे पावसावर नियंत्रण ठेवण्यापेक्षा सोपे आहे.

मनुष्याच्या आरोग्याबाबत ओतशाळा, भट्ट्या व बांधकामे यांवरील कामगारांना उष्म्याचा त्रास प्रथम होतो. हवा दमट असल्यास घाम वाळत नाही व शरीराचे तापमान उतरत नाही. पुण्यातील डेंग्यूविषयी उपर्युक्त संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७° से. हून अधिक तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता व आठवडाभर विखुरलेला मध्यम पाऊस या रोगास पोषक असल्याचे दिसून आले. याउलट आठवड्यात १५० मिमी. हून अधिक पाऊस डासांच्या अळ्या वाहून नेतो.

जलविद्युत् व पाणीवाटप : कार्बन न जाळता वीज निर्माण करण्याचा या प्रदेशाचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीस १९१५ मध्ये, तर आंध्र खोऱ्यातील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीस १९२२ मध्ये टाटांची जलविद्युत् केंद्रे सुरू झाली. मुळशीच्या पाण्यावरील भिरा केंद्र १९२७ चे आहे. ही वीज मुंबईतील गिरण्यांना मिळाली. पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी पश्चिमेस वळवून ती निर्माण होते, त्यामुळे ते पाणी भीमा खोऱ्यास मिळत नाही. पर्जन्य अनिश्चित होऊन पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत टंचाई जाणवू लागल्यावर हे पाणी पुन्हा पूर्वेस सोडावे, अशी मागणी वारंवार पुढे आली आहे. ती मान्य केल्यास तेवढी वीज, विशेषतः संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चटकन सुरू करता येणारी, दुसरीकडून आणावी लागेल. आणि ती कोळशावरील केंद्रांतून आणावयाची, की सौर ऊर्जा व साठवण यांतून, यावर त्या पाण्याची खरी किंमत अवलंबून राहील.